मामींच्या कौलांवरची फांदी

तंजावूरला आमचं घर राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत होतं. गल्लीत मराठी बोलणारी आठ-दहा घरं, बाकीची सगळी तमिळ. घर समोरून जेमतेम एका खोलीइतकं रुंद, पण मागे लांबच लांब गेलेलं. आधी ओटा, मग माजघर, स्वयंपाकघर, विहीर, आणि विहिरीपलीकडे परस. परसाला आम्ही तिकडच्यासारखं कोल्लैच म्हणायचो. माझं माहेर पापनाशमचं. वडील तिथे शाळेत शिक्षक होते. त्यांनी हट्टाने देवनागरी शिकवली म्हणून हे आज मराठीत लिहिता येतं आहे. माझ्या वयाच्या पुष्कळ जणी मराठी नुसती बोलायच्या, आणि तीही निम्मी तमिळमध्ये बुडवून.

लग्न होऊन आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. घरात आम्ही दोघंच. आमचे हे तालुका कचेरीत कारकून. सकाळी सायकलवर टांग टाकून गेले की संध्याकाळपर्यंत मला बोलायला कोणी नसे. मग मी कोल्लैत जाऊन उभी राहायची. तिथे टोकाला, भिंतीलगत, फणस होता.

तो कोणी लावला ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. खोड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत न मावणारं. डोक्याच्या थोडं वर बेचकं होतं आणि तिथून दोन मोठ्या फांद्या फुटल्या होत्या. एक सरळ वर गेलेली, दुसरी भिंत ओलांडून शेजारच्या घरावर झुकलेली. फळ मात्र धरत नव्हतं. धरलंच तर मुठीएवढं होऊन काळं पडून गळायचं. हे म्हणाले, "असाच आहे तो. सावलीपुरता." मला ते काही पटलं नाही. मी विहिरीपासून झाडापर्यंत फावड्याने एक पाट काढला, आंघोळीचं आणि तांदूळ धुतलेलं पाणी तिकडे वळवलं. बुंध्याभोवती आळं केलं. गल्लीच्या तोंडाशी एक गोठा होता, तिथून शेण आणून, राखेत मिसळून घालत राहिले. तिसऱ्या वर्षी खोडावर, अगदी गुडघ्याच्या उंचीला, हिरव्या बोटांसारखे कोंब आले. त्या उन्हाळ्यात चौदा फणस उतरले. तोवर माझी मुलगी झाली होती. तिला कडेवर घेऊन मी एकेका फळावर बोटाने वाजवून बघायची. कच्चं फळ टणक वाजतं, पिकायला आलं की आवाज जड होतो, काटे एकमेकांपासून लांब सरकतात. हे मला कोणी शिकवलं नाही. रोज हात लावून लावून समजलं.

मी मुळातच काळजी करणारी बाई आहे. एखादं फळ जमिनीला टेकलं तर खालून कुजेल म्हणून त्याच्याखाली पेंढा घालायची. पानांच्या कडा पिवळ्या दिसल्या तर जेवण जात नसे. हे हसायचे. पण त्या झाडाने मला त्या घरात घर दिलं, हे खरं. पहिला फणस फोडला तेव्हा हातांना तेल चोपडून मी विहिरीजवळ बसले होते, आणि भिंतीवरून शेजारच्या मामींनी विचारलं, "गोड आहे का?" त्यांच्याशी ओळख झाली ती तशी. मी ताटलीत गरे घालून भिंतीवरून दिले. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीतून तांदळाची शेवई आली.

मामी विधवा होत्या. त्यांना एकच मुलगी, तिचं लग्न होऊन ती मदुरैला गेलेली. त्या मला 'रायर घरची मुलगी' म्हणायच्या. आम्हा मराठी लोकांना तिकडे रायर म्हणतात. माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या, बोलायला सडेतोड, आणि मनाने फार चांगल्या. माझी मुलगी गोवरात पडली तेव्हा चार दिवस त्यांनीच आमचा स्वयंपाक केला. आठळ्यांचं सांबार करायला मला त्यांनीच शिकवलं.

झुकलेली फांदी होती ती त्यांच्याच घरावर. त्या फांदीला सकाळचं ऊन मिळायचं, म्हणून फळंही तिलाच जास्त. एका वर्षी त्यातला एक फणस दुपारी सुटून त्यांच्या मागच्या खोलीच्या कौलांवर पडला. दोन कौलं फुटली. मामी आत डाळ निवडत होत्या, त्यांच्यापासून हातभर अंतरावर तुकडे पडले. मी धावत गेले. मामींनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, "या खेपेला मी काही म्हणत नाही. पण माझं छप्पर जुनं. घरात पुरुषमाणूस नाही. ती फांदी कधीतरी काढावी लागेल."

"फांदी धडधाकट आहे, मामी," मी म्हटलं. "फळांना मी जाळी बांधीन. आणि रोज बघते ना मी. काही कमीजास्त दिसलं तर पहिलं तुम्हालाच सांगेन."

"सांगशील ना?"

"सांगेन."

त्या दिवसापासून भिंतीपलीकडच्या प्रत्येक फळाला मी काथ्याची जाळी विणून फांदीशी बांधू लागले. त्यानंतर पाच-सहा वर्षं काहीही पडलं नाही.

साठ साल उलटून गेलं होतं. आडी महिना होता, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. त्या दिवसांत तंजावूरला कोरडा, धुळीचा वारा सुटतो. एके सकाळी आळ्यात पाणी सोडायला गेले तर बुंध्याशी चिमूटभर पिवळा भुसा दिसला. पीठ चाळल्यासारखा. मला वाटलं, मुलीने काहीतरी आणून टाकलं असेल. झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा.

स्टूल आणून चढले. बेचक्याच्या अगदी खाली, झुकलेल्या फांदीच्या मुळाशी, सालीत बोट जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून चीक ओघळून काळा झाला होता. हे काय असतं ते मला माहीत होतं. पापनाशमला आमच्या घरामागचा आंबा याच किडीने गेला होता. वडील तिला भिरूड म्हणायचे. अळी आत शिरते आणि लाकूड खात खात पुढे जाते. वरून झाड हिरवंगार दिसत असतं.

मी ह्यांच्या सायकलची एक जुनी स्पोक घेतली, टोक वाकवलं आणि भोकात घातली. पुष्कळ वेळाने अळी निघाली. पांढरी, करंगळीएवढी जाड, तोंड तेवढं काळं. ती मी दगडाने ठेचली. मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस आत कोंबला आणि वरून चिकणमाती आणि शेण लिंपलं. चार दिवसांनी त्या जागेपासून वीतभर वर दुसरं भोक सापडलं. मग तिसरं.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "झाडाला ती माती कसली लावलीस?"

"मुंग्या लागल्यात," मी म्हटलं.

इतक्या सहज बोलून गेले की नंतर मलाच आश्चर्य वाटलं. आमचे हे नियमाने चालणारे. त्यांना खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या दारात उभा राहिला असता. आणि मामींना सांगायचं म्हणजे फांदी गेलीच. मी स्वतःला समजावलं की अळ्या काढल्या आहेत, भोकं बुजवली आहेत, आणखी थोडे दिवस बघू. भुसा खरोखरच थांबला. एक आठवडा, दोन आठवडे. मला हायसं वाटलं.

पुरट्टासी, म्हणजे आपला भाद्रपद-आश्विन, लागला तेव्हा मामी एक दिवस भिंतीशी आल्या. चेहरा फुललेला. मुलगी बाळंतपणाला येणार होती. तिची आधीची दोन्ही गर्भारपणं पूर्णाला गेली नव्हती. या वेळी सातवा संपून आठवा लागला होता, डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट आहे म्हणून सांगितलं होतं.

"तिला मागच्या खोलीत ठेवणार," मामी म्हणाल्या. "तिथे रस्त्याचा आवाज नाही. तुझ्या फणसाची सावली आहे, खोली थंड राहते."

मी हसून काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. त्या आत गेल्यावर मी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. सांगायची वेळ तीच होती. मी मनाशी म्हटलं, मुलगी येईपर्यंत अजून दिवस आहेत.

ती आली. सडपातळ, पिवळी पडलेली, पावलं जपून टाकणारी. मला अक्का म्हणायची. दुपारी त्या मागच्या खोलीच्या दारात बसून माझ्याशी भिंतीवरून गप्पा मारायची, आणि मी बोलता बोलता तिच्या डोक्यावरच्या फांदीकडे बघत असायची. तिच्या लक्षात आलं. "काय बघता अक्का? साप-बीप आहे का?" मी म्हटलं, "छे, खारी आहेत."

दीपावलीनंतर थोड्याच दिवसांनी तिला मुलगा झाला. घरीच झाला, सुखरूप झाला. मामींनी मागच्या खोलीच्या तुळईला जुन्या साडीची झोळी टांगली. भिंतीशी उभं राहिलं की मला झोळीची दोरी करकरताना ऐकू यायची. वर कौलं, कौलांवर फांदी. आणि ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस सुरू झालेला. तो महाराष्ट्रातल्या पावसाळ्यासारखा नसतो. समुद्रात कुठेतरी वावटळ उठते आणि दोन-दोन दिवस आभाळ खाली येतं. ओल्या फांदीचं वजन किती वाढत असेल याचा मी हिशेब करत बसायची. पानापानातून पाणी गळायचं, आणि मला वाटायचं, एकेक थेंब कमी होतोय, तेवढंच बरं.

फांदी खचते आहे की नाही हे कळावं म्हणून मी एक युक्ती केली. आमच्या बाजूने भिंतीत एक खिळा ठोकला आणि फांदीपासून खिळ्यापर्यंत काथ्याची बारीक दोरी ताणून बांधली. फांदी खाली आली तर दोरी सैल पडणार. रोज उजाडल्याबरोबर मी ती बोटाने वाजवून बघायची. पाऊस होता तोवर ती ताठ होती. मग एक दिवस उघडीप मिळाली, कडक ऊन पडलं, आणि दुसऱ्या सकाळी दोरी लोंबत होती.

मला वाटलं, फांदी खचली. काथ्या भिजला की आखडतो आणि वाळला की सुटतो, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. मी पुन्हा ताणून बांधली. ह्यांनी ओसरीतून हाक मारली, "कॉफी कोठे आहे?" तेव्हा मी रडत होते. पदराने तोंड पुसून कॉफी दिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कचेरीला गेले.

ते गेल्यावर मी घराला कुलूप लावलं आणि आसारींकडे गेले.

आसारी म्हणजे सुतार. पण हे वीणा घडवणारे होते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं कामाचं छप्पर होतं. वीणेला फणसाचंच लाकूड लागतं, तेही जुन्या झाडाच्या बुंध्याचं. म्हणून दर वर्षी पोंगल झाला की ते आमच्याकडे यायचे, झाडाला हात लावायचे आणि म्हणायचे, "अम्मा, कधी काढायचं झालं तर मला सांगा." मला त्यांचा राग यायचा. जिवंत माणसाच्या घरी येऊन अंथरूण मागावं तसं वाटायचं. पण लाकडाच्या आत काय आहे हे साऱ्या तंजावुरात त्यांच्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नव्हतं.

साठी उलटलेले, किडकिडीत गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं आणि एक लाकडी हातोडी काखेत मारून माझ्यामागून आले. शिडी लावली. मातीची लिंपणं नखाने खरवडून काढली. मग खोडाला कान लावून हातोडीने हळू हळू ठोकत वर गेले, बेचक्यापाशी बराच वेळ थांबले, फांदीवर ठोकलं, पुन्हा बेचक्यात. मी खाली उभी. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

उतरल्यावर म्हणाले, "बुंधा चांगला आहे. बेचक्यात आवाज बदलतो. खाल्लेलं आहे. किती आत ते कापल्याशिवाय सांगता यायचं नाही."

"फांदी पडेल?"

"दहा वर्षं राहील. नाहीतर आज संध्याकाळीही पडेल. मी कसं सांगू?" त्यांनी भिंतीपलीकडे मान वळवली. "खाली कोण असतं?"

तेवढ्यात झोळीची दोरी करकरली, आणि बाळ रडलं.

आसारींनी हातोडी जमिनीवर ठेवली. "मग अम्मा," ते म्हणाले, "तुम्ही मला का विचारताय?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण मला इतकं कोणी कधी बोललं नव्हतं. मी तशीच, ओल्या चिखलाच्या पायांनी, पुढच्या दाराने बाहेर पडले आणि मामींच्या घरात गेले.

मामी स्वयंपाकघरात बाळंतिणीसाठी लसूण सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भुसा, भोकं, अळ्या, माती. सांगताना मध्येच थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही, म्हणून एका दमात सांगितलं. मामींनी लसणाची ताटली बाजूला केली. उठल्या, मागच्या खोलीत गेल्या. झोळीतून बाळाला उचलून घेऊन पुढच्या खोलीत आल्या, आणि मुलीला म्हणाल्या, "उठ. इकडे येऊन झोप." ती गोंधळून उठली. अंथरूण मामींनी एका हाताने ओढत आणलं. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे."

मग माझ्याकडे वळल्या. "कधीपासून माहीत होतं?"

"आडीपासून."

"हा पोरगा बारा दिवसांचा झाला. काल त्याचं पुण्याहवाचन होऊन गेलं. ती महिनाभर त्या खोलीत झोपते आहे." बाळाला खांद्याशी घेत म्हणाल्या, "तू रोज भिंतीशी उभी राहून तिच्याशी बोलत होतीस."

त्या दार लावून घेईनात, आणि मला जा असंही म्हणेनात. शेवटी मीच निघाले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनी हात-पाय धुतले आणि पंच्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "मजला मुंग्या म्हणाली होतीस." एवढंच. नंतर कितीतरी दिवस मी कुठलीही साधी गोष्ट सांगितली, दूधवाला आला नाही म्हटलं, तरी ते क्षणभर माझ्याकडे बघायचे.

दोन दिवस पावसाने काहीच करू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ जरा उघडलं तेव्हा आसारी दोन माणसं, करवत आणि दोरखंड घेऊन आले. कौलांवर काही पडू नये म्हणून शेंड्याकडून एकेक तुकडा कापायचा, दोरीने बांधायचा आणि हळूच आमच्या बाजूला उतरवायचा, असं चाललं होतं. मी पानं गोळा करत होते. दर तुकड्यासरशी चीक टपकायचा, कापलेल्या जागेवर पांढरे थेंब उभे राहायचे. माझी मुलगी शाळेतून आली आणि कोल्लैत एकदम एवढा उजेड बघून दारातच थबकली. "अम्मा, आपला फणस आजारी आहे का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

मामी त्यांच्या बाजूला भिंतीशी येऊन उभ्या होत्या.

शेवटी बेचक्याजवळ करवत लावली. फांदीचं थोटूक दोघांनी धरून खाली ठेवलं, आणि आसारींनी मला हाक मारली. "इकडे या. बघा."

कापलेलं लाकूड हळदीसारखं पिवळं होतं. स्वच्छ. आसारींनी भोकात तार घालून दाखवली. ती चार बोटं आत गेली आणि सालीच्या कडेकडेने वळली. पुढे सगळं घट्ट लाकूड. अळी आत शिरून सालीखालून फिरून बाहेर आली होती, बस. "मला आवाज आला तो या पोकळीचा," ते म्हणाले. "वरवरची निघाली. ही फांदी पडली नसती." त्यांनी करवतीच्या पात्याला लागलेला चीक चिंधीने पुसला. "पण बाहेरून ते कळत नव्हतं, अम्मा."

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी आनंदाने वेडी होईन. तसं काही झालं नाही. आधी मनात आलं ते हे की माझी सगळ्यात चांगली फांदी उगाच गेली. लगेच त्या विचाराची लाज वाटली. मी भिंतीकडे वळले. खरं तर मला मामींकडून काहीतरी ऐकायचं होतं. बघा, काही झालं नसतं, असं मला म्हणायचं होतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

मामी म्हणाल्या, "लाकूड चांगलं निघालं. बरं झालं. पण तुला ते माहीत नव्हतं ना?"

आणि आत गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मोठं वादळ आलं. भर दुपारी अंधारून आलं, गल्लीतले दोन माड आडवे झाले, रेल्वे बंद पडली. आमचा फणस हलला, पण जागचा ढळला नाही. वाऱ्याचा जोर चालू असताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत होते, आणि मनाला सांगत होते की आता त्या बाजूला काही नाही. तरी भीती गेली नाही. ती भीती मला बरीच वर्षं पुरली. मुलगी झोक्यावर बसली की मी आधी कड्या बघायची. अजून बघते, कोणीही बसलं तरी.

मामी बोलणं टाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. रस्त्यात भेटल्या की विचारपूस करायच्या. पण भिंतीवरून हाक मारणं थांबलं. तिसऱ्या महिन्यात मुलगी बाळाला घेऊन मदुरैला निघाली तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आली. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी त्याला घेताना इतकी अवघडले की ती म्हणाली, "अक्का, नीट धरा, तुम्हाला सवय आहे ना." मी म्हटलं, "मला माफ कर." तिने बाळाची टोपी सारखी केली. मग म्हणाली, "आई अजून रागात आहे. मला राग येत नाही, मला भीतीच वाटते. अजून मी वर बघितल्याशिवाय झोपत नाही."

त्या उन्हाळ्यात झाडावर फक्त तीन फणस धरले, तेही अगदी बुंध्याशी. पहिला फोडला तेव्हा गरे ताटलीत काढून बराच वेळ तशीच बसले. मग माझ्या मुलीच्या हाती पाठवले. मामींनी ठेवून घेतले. ताटली परत आली ती घासून, पुसून, आणि रिकामी. तिकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. मुलीला ते कळलं नाही. मला कळलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पाठवले. ताटली पुन्हा रिकामी आली. त्याच्याही पुढच्या वर्षी, मी गरे काढत असताना, भिंतीपलीकडून आवाज आला. "आठळ्या टाकू नकोस. मला हव्यात." या दोन-तीन वर्षांत आवाज थोडा बारीक झाला होता. मी आठळ्या धुऊन दिल्या. संध्याकाळी मामी स्वतः पुढच्या दाराने आल्या, वाटीत सांबार घेऊन. बसल्या. कचेरीतल्या बदल्यांबद्दल, माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलल्या. फणसाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघी बोलताना थोड्या जपून बोलायला शिकलो होतो. पण त्या येऊ लागल्या.

फांदी कापलेल्या जागेच्या कडेने हळूहळू नवी साल चढली. कपाळावरची जखम भरावी तशी, चारी बाजूंनी मध्ये येत. पूर्ण बुजायला चारेक वर्षं लागली असतील. झाड एका बाजूने उघडं, बोडकं दिसायचं. आलं-गेलेलं कोणी म्हणायचं, असं कसं वाढलंय हे? मी कारण सांगायची. प्रत्येकाला सांगायची. विचारलं नाही तरी सांगायची, इतकी की हे एकदा वैतागून म्हणाले, "आता पुरे."

साठीच्या दशकाच्या अखेरीस ह्यांची बदली तिरुचिरापल्लीला झाली. ते घर सोडायचं ठरलं. ते आम्ही भाड्याने देणार होतो, आणि एक तरुण जोडपं ते बघायला आलं तेव्हा मी त्यांना सगळ्यात आधी कोल्लैत नेलं. कुठे भोकं होती ते बोट लावून दाखवलं, अळी कशी काढायची ते दाखवलं, सरळ वर गेलेल्या फांदीखाली खाट टाकू नका म्हटलं. ती मुलगी घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. घराबद्दल तिला काही विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

निघायच्या दिवशी सकाळी मामी केळीच्या पानात बांधलेला पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, घेऊन आल्या. गाडीत खायला. सामान बाहेर काढलेलं, घर मोकळं झालेलं. आम्ही दोघी मागे गेलो. मामी आता काठी घेऊन चालायच्या. त्यांनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "ठीक आहे का हे? मला काळजी करायला हवी का?"

बरं आहे म्हणून सांगणं सोपं होतं. निघायच्या घटकेला कोणीही तेच म्हणालं असतं.

"माहीत नाही, मामी," मी म्हटलं. "या वर्षी मला काही दिसलं नाही. पण आत काय आहे ते मला माहीत नाही. आडी लागला की बुंध्याशी बघत जा."

मामींनी मान हलवली. "बघेन," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून मला पुढच्या दारापर्यंत घेऊन आल्या, जिथे हे घोडागाडीवाल्याला थांबवून ठेवून माझी वाट बघत होते.